भिंतीलगतची बाज

माझे सासरे योहान मिस्त्री शिरूरच्या मिशन शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि रविवारी मिशनच्या देवळात, चर्चमध्ये, बेस गायचे. बेस म्हणजे चार आवाजांच्या गाण्यातला सगळ्यात खालचा आवाज. बायकांचे दोन आवाज वर, त्याखाली गायनमंडळ चालवणाऱ्या फिलिप मास्तरांचा, आणि सगळ्यांच्या तळाशी मामा. मी त्यांना मामा म्हणायचो. तीस वर्षं ते तळाशी एकटेच होते. वरच्या आवाजांत माणसं येत-जात राहिली, कुणी लग्न होऊन नगरला गेल्या, कुणी नोकरीला मुंबईला लागले. पण इतका खाली उतरणारा दुसरा गळा मंडळीत निघाला नाही.

बोलायला मात्र ते फार कमी. दबोराला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी मला रेल्वेत काय काम करता, एवढंच विचारलं. सिग्नल खात्यात फिटर आहे म्हटल्यावर माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले आणि "ठीक हाय," म्हणून आत गेले. लग्न ठरलं.

बासष्ट सालच्या नाताळात पुण्याहून एक पाहुणे टेपरेकॉर्डर घेऊन शिरूरला आले. त्यांनी देवळात गायनमंडळाची सहा गीतं टेपवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी फिलिप मास्तरांच्या घरी ती सगळ्यांना ऐकवली. शिरूरात कुणी असं यंत्र पाहिलं नव्हतं. टेबलाभोवती वीस-बावीस माणसं दाटीवाटीनं बसली. दवाखान्यातली हेलन नर्स स्वतःचा आवाज ऐकून पदरानं तोंड झाकून बसली. फिलिप मास्तर प्रत्येक गीतानंतर "पुन्हा लावा" म्हणायचे. मामा खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. घरी जाताना रस्त्यात ते दयाबाई मामींना, दबोराच्या आईला, म्हणाले, "मी त्यात न्हाई."

"त्यात म्हंजी कशात?"

"त्या फितीत. समदी हायेत. मी न्हाई."

"असं कसं व्हईल? तुम्ही गात होता. मी समोरच बसले होते की."

"तोंड हालत आसंल," मामा म्हणाले.

जानेवारीपासून त्यांनी गायला जाणं बंद केलं. घसा धरलाय असं सांगितलं आणि मागच्या बाकावर बसायला लागले. घसा काही धरला नव्हता. तीस वर्षं आपण गात होतो आणि ते कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. फेब्रुवारीत मामी डोळे दाखवायला दौंडला आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनीच दबोराला सांगितलं. "शाळंतनं येत्यात, जेवत्यात आन् भिंतीकडं बघत बसत्यात," त्या म्हणाल्या. "पूर्वी रंधा मारताना गुणगुणायचे. आता त्ये बी न्हाई."

मला कारण लगेच कळलं. त्या यंत्रातला स्पीकर असेल वाटीएवढा. वाटीएवढ्या कागदाला फार मोठी हवा ढकलता येत नाही, आणि खर्जाला पुष्कळ हवा ढकलावी लागते. फितीत मामा होते, यंत्राच्या तोंडातून बाहेर पडत नव्हते एवढंच.

"मग कशातून पडतील?" दबोरानं विचारलं.

"मोठ्या स्पीकरातून."

"मग तसा आणा."

ती तेवढंच म्हणाली, आणि मी शोधाला लागलो.

महिन्याभरानं यवतच्या स्टेशनात तारेचं काम निघालं. तिथं सर्जेराव नावाचे गृहस्थ होते, पूर्वी गावोगाव तंबू लावून सिनेमा दाखवायचे. तंबू केव्हाच गेला होता. पडद्यामागचा स्पीकर मात्र माळ्यावर कांद्यांच्या शेजारी पालथा पडून होता. परातीएवढा. मी त्यांचा बंद पडलेला रेडिओ बोलता करून दिला, आणि त्यांनी तो स्पीकर एका जुन्या धोतरात बांधून माझ्या हवाली केला. "आवाज लई खाली जायचा त्याचा," ते म्हणाले. "पडद्यावर ढग गडगडले की फुडची पोरं आभाळाकडं बघायची."

त्याचा कागद दोन ठिकाणी फाटला होता. दबोरानं पतंगाचा कागद आणि खळ घेऊन तो इतका हलक्या हातानं सांधला, की बोटानं चाचपल्याशिवाय जोड कळेना. तो जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हांवर जोडून पाहिला, तर मोठा असूनही किरटा वाजला. तसा तो वाजणारच होता. स्पीकरचा कागद पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची ओढतो, आणि उघड्यावर ठेवला की पुढचं मागचं एकमेकांत जिरून जातं. खर्ज आधी जिरतो. त्याला पेटीत बसवावं लागतं.

पेटी कोण करणार हे विचारायची गरज नव्हती. मी मामांना मापं लिहून पाठवली आणि रेडिओसाठी पाहिजे असं कळवलं. त्यांचं कार्ड आलं. लाकूड कोणतं पाहिजे, आणि एवढं मोठं भोक कशाला? मी लिहिलं, जाड आणि वाळलेलं, आणि भोक आवाज बाहेर यायला.

एप्रिलात पेटी एस.टी.च्या टपावरून घोंगडीत गुंडाळून आली. शाळेच्या जुन्या मोडक्या बाकांचं सागवान होतं. एकही खिळा नाही, सगळे सांधे एकात एक बसवलेले. तिच्यावर बोटाच्या पेरानं वाजवलं तर ती कुठूनही थरथरली नाही, नुसतं ठाम, बंद उत्तर आलं. ज्या माणसानं गाणं सोडलं होतं, त्यानं आवाजासाठी इतकं चांगलं घर बांधून पाठवलं, याचं मला फार वाटलं.

मे महिन्याच्या सुटीत मामा आणि मामी पंधरा दिवस राहायला आले. आमची रेल्वे कॉलनीतली क्वार्टर दगडी भिंतींची, पुढची खोली बारा फूट बाय चौदा. शेजारच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्यांनी तो सुटीपुरता वापरायला दिला. फितीचं रीळ दबोरानं फिलिप मास्तरांकडून मागवून घेतलं होतं.

आम्ही मामांपासून काही लपवलं नाही. एका संध्याकाळी सगळी जुळणी केली. पेटी टेबलावर, भिंतीच्या मध्यभागी. मामांसाठी घरातली एकुलती हातांची खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध, पेटीसमोर. पाहुण्याला बसवायची तीच जागा. मामा बसायला तयार नव्हते. दबोरा म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी." तेव्हा बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे.

मी यंत्र सुरू केलं. मामांच्या मागे दारापाशी मी उभा होतो, आणि पहिल्याच कडव्यात मला त्यांचा आवाज ऐकू आला. खाली, रुंद, जमिनीलगत चालणारा. मी आनंदानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जागचा हलला नव्हता. गीत संपलं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्येच ते उठले.

"चांगलं वाजतंय," ते म्हणाले. "हेलन नर्स सपष्ट ऐकू येती." मग चपला पायात सरकवून ते पुलावर इंजिनं बघायला निघून गेले.

मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि तेच गीत पुन्हा लावलं. मामा नव्हते. हेलन नर्स होती, फिलिप मास्तर होते, आणि जिथं मामा असायला हवे होते तिथं पोकळी. उठून दारापाशी गेलो तर पुन्हा ते होते. खुर्चीत बसलो की नव्हते. मीच त्यांना नेमक्या नसलेल्या जागी नेऊन बसवलं होतं.

त्या रात्री जेवताना मामांनी पेटीचे सांधे उन्हाळ्यात उकलले नाहीत ना, एवढं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत अंघोळीला बसलो होतो. तिथं सिमेंटचा हौद होता. तांब्या बुडवताना पाण्याला धक्का बसला आणि पाणी हौदात अलीकडे-पलीकडे झुलायला लागलं. या कडेला चढलं की त्या कडेला उतरायचं. मधे मात्र एक वाळकं पान तरंगत होतं, ते उंचीला तसंच होतं. कडेचं पाणी बोटभर वर-खाली होत होतं आणि पान पातळी सोडत नव्हतं. मी तांब्या हातात धरून किती वेळ बघत बसलो कोण जाणे. शेवटी दबोरानं दार वाजवलं.

मी तिला आत बोलावून हौद दाखवला. "खोलीत हवा अशीच झुलते," म्हटलं. "खर्जाच्या लाटा लांब असतात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भिंतीशी त्या चढतात. मधे कुठंतरी काहीच नसतं."

"आणि बाबांना आपण पानावर बसवलं," ती म्हणाली.

मामा आणि मामी त्या सकाळी बाजारात गेले होते. आम्ही दोघांनी खोली रिकामी केली. तिसऱ्या गीतात एक कडवं फक्त पुरुषांचं होतं. तेवढंच मी पुन्हापुन्हा लावत राहिलो, आणि दबोरा खडू घेऊन अनवाणी खोलीभर फिरत राहिली. डोळे मिटून, एकेक पाऊल टाकत, झोपेत चालल्यासारखी. "इथं हायेत," ती म्हणायची आणि शहाबादी फरशीवर गोल काढायची. "इथं गेले. इथं थोडे." उभी राहून ऐकायची, खाली बसून ऐकायची. बसलं की आवाज भरून यायचा. मधूनच यार्डात मालगाडी निघायची आणि सगळी फरशी तळव्यांखाली हुंकारायची. मग आम्ही ती जाईपर्यंत थांबायचो.

पेटी टेबलावरून जमिनीवर घेतली तर खर्ज वाढला. भिंतीच्या मधून सरकवून कोपऱ्यात नेली तर आणखी वाढला, तीन बाजूंनी हात लावून पुढं ढकलल्यासारखा. अगदी कोपऱ्यात टेकवल्यावर तो ढेकर दिल्यासारखा फुगला. म्हणून हातभर पुढं ओढली. मग समोरच्या भिंतीला पाठ लावून बसलो, आणि फितीतले मामा आले. दबोरा माझ्या शेजारी बसली होती. तिनं खडूनं आमच्या दोघांभोवती एक मोठा लांबट गोल काढला, आणि मग आम्ही मामांची बाज उचलून त्या गोलात, भिंतीला लागून, ठेवली.

मामा परत आले तेव्हा फरशीवर गोलच गोल होते.

"फरशी बदलायचीय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा. मोजमाप चाललंय."

"आन् बाज का हालवली?"

"भिंत गार असते," दबोरा म्हणाली. हेही खरंच होतं. मामांनी भिंतीला तळवा लावून पाहिला आणि मान हलवली.

पुन्हा त्यांना समोर बसवून ऐकवायचा धीर मला होत नव्हता. तिसऱ्यांदाही ते त्यात नाहीत असं निघालं असतं तर त्यांनी काय केलं असतं, देवाला माहीत. म्हणून दोन दिवस तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की कॉलनीतले कावळेसुद्धा गप्प होते. दबोरानं फरशीवर पाणी शिंपडलं होतं. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, त्यातून हिरवट, ओला उजेड आत येत होता. लांब कुठंतरी एक इंजिन उभ्या उभ्या सुस्कारे टाकत होतं. मामा जेवून बाजेवर आडवे झाले, भिंतीकडे पाठ करून, आणि त्यांचा श्वास संथ झाला. मी पेटीपाशी जमिनीवर बसलो होतो. व्हॉल्व्ह गरम झालेत का ते बघावं म्हणून मी रीळ लावलं, आणि आवाज अगदी बारीक ठेवला.

गीत आलं, पण वरचे आवाज त्या बारीक आवाजात दूरच्या शेतातून यावेत तसे येत होते. मग पुरुषांचं कडवं आलं. मला खोलीत काही ऐकू आलं असं म्हणता येणार नाही. हवा जड झाली, पाण्यात उतरल्यावर अंगाला होते तशी. वाळ्याचा पडदा हलत नव्हता आणि तरी सगळी खोली सावकाश झुलते आहे असं वाटत होतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. उजवा हात बाजेच्या काठावर होता आणि त्याची मूठ वळली होती, दोरी धरावी तशी.

"बाबा," ते म्हणाले.

मला वाटलं दबोराची हाकच झोपेत पुन्हा म्हणतायत. पण ती स्वयंपाकघरात होती. मामा पुन्हा म्हणाले, "बाबा, मला फुडं घ्या."

कडवं संपलं. मामांनी डोळे उघडले आणि उठून बसले. खोलीभर पाहिलं.

"कोण आलतं?"

"कुणी न्हाई मामा."

"माझा बाप आलता. हितं, माझ्या पाठीमागं. गात हुता." त्यांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. "मोटंवर."

दबोरा तांदळाचं ताट हातात घेऊन दारात उभी राहिली होती. आपल्या वडिलांना वडील होते हे तिला ठाऊक होतं, तसं प्रत्येकाला असतात तेवढंच. मामा आठ वर्षांचे असताना मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत घर रिकामं झालं, आणि आत्यानं त्यांना शिरूरला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं. आपल्याला बापाचा चेहरा आठवत नाही, एवढं एकदा मामींजवळ बोलले होते.

"मामा," मी म्हटलं, "होतात तसेच आडवे व्हा. पाठ भिंतीकडं."

ते निमूटपणे आडवे झाले. मी फीत मागे घेतली आणि ते कडवं पुन्हा लावलं. या वेळी आवाज थोडा वाढवला. मामा डोळे उघडे ठेवून ऐकत होते. त्यांनी एक हात मागे नेऊन भिंतीला लावला.

"ह्यो कोन?" कडवं संपल्यावर त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी भिंतीवरच्या हाताकडे पाहिलं.

"माझा आवाज असा न्हाई," ते म्हणाले.

"माणसाला स्वतःचा आवाज हाडातून ऐकू येतो मामा. तो वेगळा असतो. बाहेरून तुमचा आवाज असा आहे."

"म्हंजी बाहेरून मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. भिंतीवरचा हात काढून त्यांनी तो आपल्याच छातीवर ठेवला. मग म्हणाले, "लाव बरं."

मी लावलं. असं चार-पाच वेळा झालं असेल. शेवटच्या वेळी तेही बारीक गुणगुणायला लागले, फितीतल्या आवाजाला लावून, आणि त्या दोन आवाजांत कुठला कुठला हे मला भिंतीपाशी सरकल्यावरसुद्धा कळेना.

मामी केव्हा येऊन बसल्या ते आम्ही पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एवढं यंत्र कशाला लागतंय? मला तर दर आईतवारी ऐकू येतंय. बाकाला पाठ टेकली की तुमचा आवाज पाठीत येतो. मनीषा पोटात हुती तवा तिला बी यायचा, गप पडून ऱ्हायची." मनीषा म्हणजे दबोराची थोरली बहीण.

"तीस वरसं बोलली न्हाईस," मामा म्हणाले.

"त्ये काय सांगायचं? तुमाला ठावं असंल वाटलं."

त्या दुपारी मामा जेवढं बोलले तेवढं मी त्यांना ना आधी बोलताना ऐकलं ना नंतर. गाव मांडवगण फराटा. बाप संपत, एका बागायतदाराच्या विहिरीवर मोट हाकायचा. पहाटेपासून. विहीर केवढी होती, बैल कसे होते, बैलांच्या गळ्यात काय होतं, सगळं आठवायला लागलं, आणि आठवेल तसं ते आश्चर्यानं सांगत राहिले, जणू दुसराच कुणी त्यांना सांगतोय. चेहरा मात्र आठवेना. "आवाज हाय," ते म्हणाले. "आवाजाच्या वर तोंड न्हाई."

त्याच आठवड्यात आम्ही चौघं दोन एस.टी. बदलून मांडवगणला गेलो. चव्वेचाळीस वर्षांनी मामा त्या गावात पाय ठेवत होते. विचारत विचारत ती विहीर सापडली. मळा आता मारुतराव नावाच्या पन्नाशीच्या माणसाकडे होता. विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं होतं आणि मोटेचे बैल उतरायचे ती धाव बाभळींनी भरली होती. मारुतरावांनी आम्हाला सावलीत बसवलं, गूळ-पाणी दिलं. संपत हे नाव त्यांना माहीत नव्हतं. "आमच्या चुलतीला इचारा," ते म्हणाले. "तिला समदं ठावं असतंय. फकस्त दिसत न्हाई."

चुलती म्हणजे झुंबरबाई. ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांवर पांढरी साय आलेली. मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"काकी, मी योहान."

"योहान कोन? आपल्याकडं कुनी योहान न्हाई."

मामा घुटमळले. दबोराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "राघू. संपताचा राघू."

हे नाव आम्ही तिघांनी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं. मामींनीसुद्धा.

झुंबरबाईंनी हात पुढं केला आणि चाचपत मामांच्या खांद्यावर ठेवला. "पुन्हा बोल."

"संपताचा राघू, काकी. मिशनीत धाडला हुता."

"बोलतोयास संपतावानी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं त्योच आला. मी नवी नवरी हुते तवा. बैल धावंवरनं उतराया लागलं की मोटंच्या नाड्यावर, त्या दोरावर बसायचा आन् गायचा. तुला फुड्यात घ्यायचा. तुझी पाठ त्याच्या छातीला. तू बी त्याच्याबरूबर हूं हूं करायचास, इवलासा असून. आमी बाया हसायचो."

मामांनी मान खाली घातली. झुंबरबाईंचा हात त्यांच्या खांद्यावर तसाच होता.

"दिसायला कसा हुता?" मामांनी विचारलं.

"सावळा. उजवी भिवई तुटल्याली, बैलाच्या शिंगानं. दात मोठं, हसला की समदं दिसायचं. हसायचा बी लई." त्यांनी थोडं थांबून आठवलं. "कान तुझ्यासारखंच असत्याल. बघू." आणि त्यांनी मामांचे कान चाचपून पाहिले. "व्हय. ह्येच."

परतीच्या एस.टी.त मामा खिडकीशी बसले. भीमेच्या कडेची शेतं संध्याकाळच्या उजेडात मागे सरत होती, उसाचे पाट चमकत होते, आणि मामा मधून मधून आपल्या उजव्या भुवईवर बोट फिरवत होते.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांना पोहोचवायला शिरूरला गेलो. उपासना सुरू व्हायच्या आधी मामा सरळ गायनमंडळाच्या बाकाकडे चालत गेले. फिलिप मास्तर बाजूला सरकले आणि गीतांचं पुस्तक दोघांच्या मधे धरलं.

उपासना संपल्यावर देवळाच्या पायरीवर मामांनी मास्तरांना थांबवलं.

"मास्तर, त्या तिसऱ्या गीतात, पुरुषांच्या कडव्यात, शेवटी मी एक सूर खाली उतरतो. फितीत नीट ऐकलं. पुस्तकात तसं न्हाई. पुस्तकात सूर हाय तिथंच थांबतो."

"माहीत आहे," फिलिप मास्तर म्हणाले.

"कवापासनं चुकतोय?"

"सत्तेचाळीस सालापासून असेल. आधी मी सांगणार होतो. मग एका रविवारी तुम्ही तापानं आला नव्हता, आणि आम्ही पुस्तकातल्यासारखं म्हटलं. कुणालाच ते बरं वाटलं नाही. देवळाचे पाळकसुद्धा म्हणाले, आज गीत अर्धवट वाटलं. तेव्हापासून मी नव्यांना त्या जागी तुमचा सूर उतरेपर्यंत थांबायला शिकवतो."

मामांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. ऊन चढत होतं. मामी फाटकापाशी हेलन नर्सशी बोलत उभ्या होत्या.

"मग आता काय करू?" त्यांनी विचारलं.

"उतरा," मास्तर म्हणाले. "आम्ही सगळे तिथं तुमची वाट बघत असतो."